नोंदवही, यादी आणि माणूस: नागपुरातील जातजमातींच्या ओळखीचा इतिहास

नागपूर शहर अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने वसवले. त्याच शहरात आज आदिवासी कोण आणि कोण नाही, याचा निवाडा पडताळणी समितीच्या कार्यालयात आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठात होतो. गोवारी, हलबा कोष्टी आणि माना या तीन समाजांची प्रकरणे त्यात विशेष गाजली. तिन्ही समाज विदर्भातले, तिघांचीही नावे ब्रिटिश काळातल्या नोंदींत सापडतात, आणि तरीही तिघांच्या वाट्याला वेगवेगळे निकाल आले. कोण किती गरीब, कोण जंगलाच्या किती जवळ, याच्याशी या फरकाचा संबंध फार थोडा होता. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या साली कोणते नाव कोणत्या नावाशेजारी लिहिले, यावर बहुतेक सारे ठरले.

१८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारले. औरस वारस नसल्याचे कारण देऊन इंग्रजांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये नागपूर ही नव्या मध्य प्रांताची राजधानी झाली. सातपुड्यापासून बस्तरपर्यंत पसरलेल्या या प्रांतात नेमके कोण राहते, हे नव्या राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते. माहिती गोळा करण्याची घाई मग एकदमच सुरू झाली. १८६३ मध्ये नागपूरचे संग्रहालय उभे राहिले, लोक त्याला आजही अजब बंगला म्हणतात. १८६६ मध्ये प्रांताची पहिली खानेसुमारी झाली. त्याच वर्षी मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याची टिपणे संपादित करून छापली. हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात होते आणि १८६३ मध्ये एका पुरात बुडून वारले. गोंडांची गाणी, शब्द आणि कुळकथा त्यांनी अतिशय मेहनतीने टिपल्या होत्या. गोंडांच्या साडेबारा शाखा असल्याचे सांगून त्यांनी त्या नावानिशी नोंदवल्या. त्यांतली कोइलाभुती, ओझा, ठोट्या ही नावे थोड्याफार फरकाने आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. कोइकोपाल नावाची, गुरे राखणाऱ्या गोंडांची एक शाखाही हिस्लॉपच्या टिपणांत होती. एका पाद्र्याची वही शंभर वर्षांनी कायद्याचा मजकूर होईल, असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसेल.

यानंतरचे मोठे काम रॉबर्ट व्हेन रसेल यांचे. १९०१ च्या जनगणनेत रसेल मध्य प्रांताचे जनगणना अधीक्षक होते. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानभर जे मानववंश सर्वेक्षण हाती घेण्यात आले, त्याची या प्रांतातली जबाबदारीही त्यांच्याकडे आली. रायबहादूर हिरालाल या कटनीकडच्या विद्वान अधिकाऱ्याची त्यांना साथ होती. मध्य प्रांतातील जमाती आणि जाती या विषयावरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये लंडनला निघाला. तो पाहायला रसेल हयात नव्हते. डिसेंबर १९१५ मध्ये पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालेल्या ‘पर्शिया’ या जहाजावर त्यांचा अंत झाला.

हा ग्रंथ कसा तयार झाला हे पाहण्यासारखे आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतले तहसीलदार, शाळांचे निरीक्षक, शिक्षक आणि कारकून आपापल्या भागातल्या जातींची माहिती लिहून पाठवत आणि त्यावरून लेख बांधले जात. म्हणजे एखाद्या समाजाविषयीचा मजकूर पुष्कळदा त्या समाजाबाहेरच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, वरच्या जातीतल्या माणसाकडून येई. एका जातीने दुसरीबद्दल चावडीवर केलेली थट्टाही अशा वाटेने ग्रंथात शिरली. वाण्याचा लोभ, सोनाराची हातचलाखी, कुणब्याचा अडाणीपणा यांवरच्या म्हणी तिथे त्या त्या जातीच्या स्वभावाचे वर्णन म्हणून दिलेल्या आहेत. चावडीवर म्हणीला कुणीतरी उलट म्हण ऐकवतो. छापील सरकारी ग्रंथात ती सोय नव्हती. एवढे असूनही ग्रंथ टाकाऊ म्हणता येत नाही. समाजांची सरमिसळ, व्यवसाय बदलताना होणारी जातीची फाटाफूट आणि नव्या पोटजातींचा जन्म रसेल-हिरालाल यांनी जितक्या बारकाईने नोंदवला, तितका त्या काळात फार थोड्यांनी नोंदवला. पुढच्या पिढ्यांनी त्यातला हा सूक्ष्मपणा बाजूला ठेवून नुसती नावे उचलली.

काही समाजांच्या कपाळी याहून वाईट शिक्का बसला. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानासाठी झाला आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला. एखादी अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची आणि तिच्या माणसांना हजेरीला बांधून टाकायचे, अशी त्याची रीत होती. मध्य प्रांताच्या पोलिस खात्यातले गेयर नावाचे अधिकारी अशा जमातींवर व्याख्याने देत. ती नागपुरात छापली गेली आणि पोलिसांना अभ्यासाला लागली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, सवय मात्र राहिली. गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे, हा प्रकार विदर्भातल्या फासेपारध्यांना नवा नाही.

रसेल यांच्या ग्रंथात गोवारी येतात ते मराठी मुलखातले गुराखी म्हणून. गोंड आणि गवळी-अहीर यांच्या मिश्रणातून हा समाज झाला असावा, असे तिथे म्हटले आहे. त्याच्या पोटविभागांतला एक गायगोवारी आणि आणखी एक गोंड गोवारी. विदर्भातल्या गावगाड्यात गोवारी म्हणजे गायकी. सकाळी गावाची गुरे आखरावर गोळा करायची, रानात न्यायची, संध्याकाळी ज्याच्या त्याच्या दावणीला परत आणायची आणि वर्षाच्या बोलीने धान्य घ्यायचे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी गायगोधनाला गोवारी ढाल सजवून नाचवतात. त्या दिवशी गावात त्यांना मान असतो, उरलेल्या वर्षात तो फारसा नसतो.

हलब्यांची गोष्ट दुसऱ्या बाजूने तशीच. हलबा ही मूळची बस्तर, कांकेर आणि छत्तीसगडकडची शेती करणारी जमात. त्यांतले काही लोक विणकामाला लागले आणि कोष्ट्यांत मोजले जाऊ लागले, ही नोंदही जुन्या ग्रंथांत आहे. नागपुरात पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांत त्यांचे माग चालत. भोसल्यांच्या काळापासून नागपुरी धोतर आणि लुगडे यांची ख्याती अशा विणकरांच्या हातांवर उभी होती. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागाची ओढाताण वाढली.

प्रांताच्या नोंदींमागे एक गृहीतक होते, ते कुणी मांडून दाखवले नाही तरी सगळीकडे वावरत होते. जमात रानात राहते आणि जात धंदा करते. या हिशेबाने रानातला हलबा जमातीत बसे, पण मागावर बसलेला हलबा जातीत जाई. गोंडाने गावाची गुरे राखायला घेतली की त्याचेही तेच. पोटासाठी केलेला बदल नोंदीत वंश बदलल्यासारखा दिसू लागला. आज चालणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या गृहीतकात आहे.

स्वातंत्र्यानंतर या नोंदींना कायद्याचे बळ आले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ खाली ६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींचा राष्ट्रपती आदेश निघाला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी यादीत फेरबदल झाले आणि तीन दिवसांनी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. यादीतली विदर्भाची नावे सगळ्या विदर्भाला लागू नव्हती. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढ्याच तहसिलींपुरती ती होती. वणीत जो माणूस अनुसूचित जमातीचा, तो नागपुरात नोकरीसाठी आला की त्याची जमात वाटेतच गळून पडे. याला क्षेत्रबंधन म्हणत. १९६५ मध्ये बी. एन. लोकूर यांच्या समितीने जमात ओळखण्याच्या खुणा सांगितल्या: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, इतर समाजाशी मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपण. शिकलेला, शहरात राहणारा आणि चारचौघांत बोलणारा आदिवासी या चौकटीत कुठे उभा राहणार, याचा विचार समितीच्या शब्दांत दिसत नाही.

नागपुरातच याच सुमारास ओळखीचा एक अगदी वेगळा प्रयोग झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ज्यांना शतकानुशतके इतरांनी नाव दिले होते, त्यांनी स्वतःचे नाव स्वतः निवडले. यादीने मात्र त्यांना किंमत मोजायला लावली. अनुसूचित जातींचा आदेश तेव्हा हिंदूंपुरता आणि १९५६ पासून हिंदू व शिखांपुरता होता. महाराष्ट्र सरकारने राज्यात नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. अस्पृश्यता सोसलेला माणूस चौतीस वर्षे दिल्लीच्या कागदावर अस्पृश्यतेचा बळी नव्हता.

१९७६ च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधन उठवले आणि २७ जुलै १९७७ पासून ते अमलात आले. नागपूर शहरातल्या हलबा कोष्ट्यांना, चंद्रपूर-भंडाऱ्याकडच्या मानांना आणि सगळीकडच्या गोवारींना यादीचे दार प्रथमच उघडे दिसले. दाखल्यांसाठी अर्ज वाढले, तसे संशयही वाढले. खऱ्या आदिवासींच्या जागा इतर लोक बळकावत आहेत, ही आदिवासी संघटनांची तक्रार निराधार नव्हती. नावातल्या साम्याचा फायदा घेऊन दाखले मिळवणारे होतेच. या संशयाचे निवारण करण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली, ती मात्र जुन्या गृहीतकावरच उभी राहिली.

२ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्या आणि दक्षता पथके यांची पद्धत घालून दिली. त्यातून महाराष्ट्रात रूढ झाली ती अ‍ॅफिनिटी टेस्ट. अर्जदाराच्या घरी बोली कोणती, कुळदैवत कोणते, गोत्रे किती, लग्नात, बाळंतपणात आणि मयतीत काय करतात, प्रेत पुरतात की जाळतात, असे प्रश्न पथक विचारते आणि उत्तरे ग्रंथांतल्या वर्णनांशी जुळवून पाहते. नागपुरातल्या तिसऱ्या पिढीच्या कॉलेजकुमाराने आजोबाही विसरलेला विधी सांगावा, अशी ती अपेक्षा. उत्तर चुकले की संशय, आणि अगदी बरोबर आले तर पाठांतराचा संशय. दुसऱ्या बाजूला कागद असतो: शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक, जुना महसुली उतारा. १९५० पूर्वीच्या अशा नोंदींना जास्त वजन असते. पण त्या नोंदीही कुणा मास्तराने किंवा कोतवालाने ऐकीव माहितीवर लिहिलेल्या, कधी ‘कोष्टी’, कधी ‘हलबा’, कधी एकाच घरात दोन्ही.

हलबा कोष्ट्यांचा प्रश्न वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणातून घटनापीठापर्यंत गेला. २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद प्रकरणात पाच न्यायाधीशांनी निर्णय दिला की राष्ट्रपतींची यादी जशी आहे तशीच वाचायची. कोष्टी ही हलब्यांची पोटशाखा आहे का, याचा पुरावा घेण्याचा अधिकार समितीला नाही, राज्य सरकारला नाही आणि न्यायालयालाही नाही. ज्याच्यावरून वाद उभा राहिला त्याची डॉक्टरकी कायम ठेवली गेली, समाजाचा दावा मात्र बुडाला. कायद्याच्या शिस्तीच्या दृष्टीने निकाल तर्कशुद्ध आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो विचित्र वाटतो, कारण हलबे विणकर झाले हे सांगणारा ग्रंथ आणि हलबा हे नाव यादीपर्यंत नेणारी नोंदींची परंपरा एकच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या जगदीश बहिरा निकालानंतर अवैध ठरलेल्या दाखल्यांवर मिळालेल्या नोकऱ्यांचे संरक्षणही गेले. अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर ठेवण्याचा आदेश राज्य सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये काढला.

गोवारींच्या इतिहासाला मात्र रक्ताची किनार आहे. यादीत नाव होते ते गोंड गोवारी असे. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने गोवारी आणि गोंड गोवारी हे वेगळे असल्याचे सांगितले आणि गोवारींना जमातीचे दाखले मिळणे थांबले. त्याविरुद्ध जवळजवळ दहा वर्षे अर्ज, निवेदने आणि मोर्चे चालले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा प्रचंड मोर्चा आला. खेड्यापाड्यांतून बाया लेकरे कडेवर घेऊन आल्या होत्या. मॉरिस कॉलेजजवळच्या टी पॉइंटला मोर्चा अडवला गेला. सरकारकडून कुणी निवेदन घ्यायला येईल म्हणून लोक तासन्‌तास बसून राहिले. संध्याकाळी गर्दी पुढे सरकली, पोलिसांनी लाठीमार केला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यानंतर गोवारी, माना, कोष्टी आदींना विशेष मागास प्रवर्गात घालून २ टक्के आरक्षण देण्यात आले. मागणी जमातीच्या ओळखीची होती, मिळाला तो एक नवा प्रवर्ग. झिरो माइलजवळ शहिदांचे स्मारक उभे राहिले आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव देण्यात आले. कागदोपत्री आदिवासी नसलेल्या समाजाला शहराने पुलावर आदिवासी म्हटले, ही विसंगती रोज हजारो वाहनांखाली असते.

मानांचा दावा टिकला. यादीच्या १८ व्या नोंदीत गोंडांबरोबर पन्नासाहून अधिक नावे आहेत आणि माना हे त्यांतले एक. आधीच्या निकालांत ज्या मानांचे गोंडांशी नाते दिसते तेवढेच जमातीचे, असा अर्थ लावला गेला होता. मिलिंद निकालानंतर हा अर्थ उभा राहू शकत नव्हता, कारण यादी आहे तशी वाचायची तर माना म्हणजे माना. ८ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. ज्या नियमाने हलबा कोष्टी बाहेर राहिले, त्याच नियमाने माना आत आले.

गोवारींच्या बाबतीत नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी इतिहासात उतरून निकाल दिला. गोंड गोवारी ही स्वतंत्र जमात १९११ पूर्वीच लोप पावली होती, १९५६ मध्ये यादीत ते नाव घालताना ते गोवारींनाच उद्देशून असले पाहिजे, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. यादीतले नाव कुणाचे हे माणसे शोधून ठरवायचा तो प्रयत्न होता. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे आहेत, यादीत नसलेल्या नावासाठी पुरावा घेता येत नाही आणि गोंड गोवारींचे दाखले १९८५ च्या शासन निर्णयातल्या निकषांवरच तपासले जातील, असे त्याने सांगितले. मधल्या सुमारे सव्वादोन वर्षांत ज्यांनी प्रवेश किंवा नोकरी मिळवली होती, त्यांना तेवढ्यापुरते संरक्षण मिळाले.

व्यक्तीला पारखण्याच्या पद्धतीत मात्र न्यायालये थोडी पुढे आली. हलबी असल्याचा दावा करणाऱ्या आनंद नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्थलांतर, शिक्षण आणि आधुनिक राहणीमुळे जुनी लक्षणे पुसली जातात, म्हणून अ‍ॅफिनिटी टेस्ट ही शेवटची कसोटी मानता येणार नाही. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच आणखी स्पष्ट केले: ही चाचणी निर्णायक नाही, ती प्रत्येक प्रकरणात आवश्यकही नाही, कागदपत्रे आणि इतर पुरावे यांच्यासह तिचा विचार व्हायला हवा. लोकूर समितीने घालून दिलेल्या चित्राला जवळजवळ साठ वर्षांनी बसलेला हा ठळक तडा म्हणता येईल. अर्थात त्याचा लाभ ज्यांचे नाव आधीच यादीत आहे त्यांना. ज्यांचे नाव यादीत वेगळ्या जोडीने लिहिले गेले, त्यांच्यासाठी अनुच्छेद ३४२ च्या दुसऱ्या खंडाचा एकच मार्ग उरतो. यादीत नाव घालण्याचा किंवा काढण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, आणि गोवारींचा व हलबा कोष्ट्यांचा दावा आता तिथेच न्यावा लागेल.